चुन्याची निवळी

फळ्यावर माझंच अक्षर.
'अस्सल मेक्सिकन'. खाली 'अस्सल मालवणी'.
मालवण इथून सहा तासांवर.
खडू एकच.

पाकिटातले कडक टाको, वर पिवळं चीज,
जिरेपूड सढळ हातानं, व्हिडिओत तशीच होती म्हणून.
गुहागरच्या वाळूत बसून माणसं कुडुमकुडुम खात,
चुरा कुत्र्यांना.

शमसूचाचा होडेकर दाभोळहून फेरीबोटीनं आले.
अडतीस वर्षं जहाजावर भंडारी,
आता नुसते गुडघे आणि वेळ.
एक टाको खाल्ला. दुसरा उलटून पाहिला,
बाजारात बांगड्याचं गलफड उचलून बघतात तसा.
"ह्यूस्टनला असलंच मिळायचं," म्हणाले,
"वाईट नसायचं.
नाव तेवढं दुसऱ्याचं."

मग वेराक्रुझ. क्रेन बिघडलेली, अकरा दिवस धक्क्यावर.
बंदरामागच्या गल्लीत एउलालिया नावाची बाई,
मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवायची.
"आपलाच रे चुना. पानाला लावतो तो."
सकाळी चोळला की साल सुटून यायचं.
मग पाट्यावर. पाट्याला तीन पाय, बाकी सगळा आपला.
आणि हातावर थापणं, टप् टप् टप्,
"डोळे मिटले की दाभोळ."
घेवड्यात एक पाला घालायची, वास सरळ रॉकेलचा.
पहिल्या दिवशी थुंकले.
आठव्या दिवशी मागून घेतला.

"आणि चीज?"
"होतं की. पांढरं, चुरून, मिठासारखं चिमूटभर."

मी म्हटलं, चाचा, मिरची पण त्यांचीच ना?
"त्यांचीच. गलबतातून आली, राहिली,
बांगड्याशी संसार केला.
तिला कुणी सांगितलं नाही,
पाहुण्यांसमोर जरा हळू बोल म्हणून."

शनिवारी केलं.
चाचांनी डब्यातून कालवांच्या शिंपल्यांचा चुना आणला,
वरची निवळी घ्यायची, गाळ नको.
सुगंधाताई वाटायला बसली,
मिक्सर असताना का, एवढं एकदाच विचारून.
माझ्या बोटांना दोन दिवस ओल्या भिंतीचा वास.

चार नंबरच्या टेबलावरून थाळी परत आली.
हे मेक्सिकन नाहीये, चीज कुठंय?
त्यांचा मुलगा म्हणाला, आई, ही तर भाकरी.
"हुशार पोर," चाचा आतून म्हणाले.

त्याच टेबलानं मग सुरमईची कढी मागवली.
माझी. काजूची पेस्ट, वर साय,
साखर किंचित.
बाईंनी बोट चाटलं, एकदम ऑथेंटिक म्हणाल्या,
नवऱ्यानं फोटो काढला.
मी पळी धरून उभा.
फडताळात मागं तिरफळाची बरणी.
दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दाताखाली आलं
आणि जीभ बधिर झाली म्हणून बिल अडलं,
तेव्हापासून झाकण उघडलं नव्हतं.
आई इथं जेवत नाही.
पथ्य आहे, म्हणते.

रात्री उरलेलं पीठ. आम्ही तिघं, मातीचा तवा.
पानभर जवळा भाजला, सुक्या मिरच्या,
सुगंधाताईनं न विचारता बरणी उतरवली,
चार तिरफळं ठेचली.
ओठ मुंग्यांनी भरले.
बराच वेळ कुणी बोललं नाही. बोलता येत नव्हतं.

चीजची अठरा पाकिटं शिल्लक आहेत, मी म्हटलं.
"मग? फेकतोस काय? वीक.
फळा आण इकडं."
ओल्या फडक्यानं वरची ओळ पुसून
चाचांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं:
'ह्यूस्टनचे टाको. बरे लागतात.'

खडू माझ्यापुढं धरला.
"खालचं तू लिही."

दाभोळची शेवटची फेरी केव्हाच गेली.
चाचा बाकावर घोरताहेत.
मी अजून खडू धरून.